परदेशी खात्यांवरची कारवाई: चोर सोडून संन्याशाला फाशी?

घाटकोपरकर:
नोव्हेंबर २०२४ मध्ये माझ्या मेहुण्याला आयकर खात्याचा एसएमएस आला: परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दिसत नाही, तपासा. तो हिंजवडीत नोकरी करतो. कंपनीची अमेरिकेतली मूळ कंपनी पगाराचा भाग म्हणून दरवर्षी शेअर देते. शेअर हातात आले तेव्हाच टीडीएस कापला गेला, फॉर्म १६ मध्ये तो आहे. राहिलं ते एकच, शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा.

त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर ब्रोकरची स्टेटमेंटं पसरून बसलो होतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण हे शेड्यूल जानेवारी ते डिसेंबरचं. प्रत्येक वेळी मिळालेल्या शेअरची वर्षातली सर्वांत जास्त किंमत, वर्षअखेरची किंमत, त्या त्या तारखेचा स्टेट बँकेचा डॉलरचा दर. रात्री दीड वाजला. बहीण सारखी विचारत होती, "ह्याला तुरुंगात नाही ना टाकणार?" कारण २०१५ च्या काळा पैसा कायद्यात मालमत्ता दाखवली नाही तर १० लाख दंड आहे, जाणूनबुजून लपवली तर सक्तमजुरीही.

काळा पैसा म्हणून आपण ओरडत होतो तो हाच का? २०११ मध्ये फ्रान्सनं एचएसबीसी बँकेच्या जिनिव्हा शाखेतल्या ६२८ खातेदारांची यादी भारताला दिली. त्यातले किती जण आत गेले, सांगा.

सीए_कोल्हापूर:
मेहुण्यांची काळजी समजते, पण चित्र अर्धंच मांडलंत. तो एसएमएस नोटीस नव्हती. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सुधारित रिटर्न भरायला वाव होता. असे एसएमएस पाठवायच्या त्या मोहिमेत २४,६७८ जणांनी रिटर्न पुन्हा तपासलं आणि एकूण २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता जाहीर झाली. एसएमएस गेला नसता तर ह्यातलं किती बाहेर आलं असतं? शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर तो १० लाखांचा दंड नाही.

घाटकोपरकर:
त्याचे शेअर चढत चढत २६ लाखांवर गेलेत. भाव वाढला हा त्याचा गुन्हा? आणि २९,२०८ कोटी ही मालमत्ता झाली. त्याबरोबर जाहीर झालेलं उत्पन्न जेमतेम १,०९० कोटी आहे. न दाखवलेली प्रत्येक मालमत्ता म्हणजे चोरी, असं कसं म्हणता?

लातूरचा_मास्तर:
मला ह्यात दयामाया नको. माझा कर पगार खात्यात पडायच्या आधीच कापला जातो, मला कुणी मुदत देत नाही. २०१५ ला सरकारनं तीन महिन्यांची खिडकी उघडली, लपवलेली परदेशी मालमत्ता जाहीर करा, तिच्या किमतीच्या ६० टक्के भरा आणि सुटा. पुढं आले ६४८ जण, जाहीर झाले ४,१६४ कोटी. एवढ्या मोठ्या देशात ६४८! बाकीचे गप्प बसले, कारण सापडू असं त्यांना वाटलंच नाही. भीती बसायलाच हवी.

दुबईहून:
मास्तर, भीती कुणाला बसते ते इथं बसून दिसतं. शंभराहून जास्त देश आपसांत खात्यांची माहिती देतात, स्वित्झर्लंडनंही सप्टेंबर २०१९ पासून भारताला द्यायला सुरुवात केली. पण ती माहिती बँक, ब्रोकर, विमा अशा खात्यांची. घराची नाही. हवालानं पैसे आणून इथं फ्लॅट घेतला तर त्या यादीत तो येतच नाही. अमेरिका तर ह्या व्यवस्थेत नाहीच, तिचा भारताशी वेगळा करार आहे. जो साध्या खात्यात, स्वतःच्या नावानं, पॅन देऊन पैसे ठेवतो, तोच आधी सापडतो.

सीए_कोल्हापूर:
फ्लॅटचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण म्हणून बँक खात्यांकडे डोळेझाक करायची? उलट घरांची माहितीही मागा. ह्या कायद्याची ताकद अशी की मालमत्ता जेव्हा उघडकीला येते त्या वर्षी, त्या वर्षीच्या किमतीवर कर लागतो: ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड. वीस वर्षं जुनं खातंही सुटत नाही. हे सैल करू नका एवढंच म्हणणं आहे.

घाटकोपरकर:
सैल नकोच. कर भरलेला असेल आणि फक्त तक्ता राहिला असेल, तर दंड त्या चुकीएवढा असावा, सरसकट १० लाख नको. मेहुण्यानं सुधारित रिटर्न २८ डिसेंबरला भरलं. बहीण अजून रोज त्याचा मेल उघडून बघते.

लातूरचा_मास्तर:
तुमच्या मेहुण्यापुरतं मान्य. पण "तक्ता राहिला" हेच कारण उद्या कोट्यवधीवालाही देईल, आणि त्याच्याकडे वकील तुमच्यापेक्षा चांगला असेल.