लेकीला पाठीचा ब्रेस सांगितलाय, घालावाच लागेल का?

मुलगी १२ वर्षांची, एक्सरेत स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं) निघाला, बाक २८ डिग्री. डॉक्टर म्हणतात मापाचा ब्रेस करून रोज १८ तास घालायचा, ती शाळेत चिडवतील म्हणून रडतेय आणि सासूबाईंचं चाललंय की योगा केला की होईल सरळ. काय करू?

– ताई, २५ ते ४० डिग्री आणि उंची अजून वाढतेय म्हणजे ब्रेसचीच वेळ आहे. त्याने बाक सरळ होईलच असं नाही हां, तो वाढू नये म्हणून घालायचा. २०१३ ला अमेरिका-कॅनडातला अभ्यास आला त्यात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. तास जितके जास्त तितका फायदा. योगा करू दे की, पण ब्रेसच्या जोडीला.

– आतून बिनशिवणीचा कॉटन बनियन घाला, नाहीतर बरगडीपाशी सोलवटतं. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ऑर्थोटिस्टकडून (ब्रेस बनवणाऱ्याकडून) तेवढी कड घासून घ्या. युनिफॉर्म एक साइज मोठा शिवा, कळत पण नाही.

– आणि ते ऑनलाइनचे पोश्चर बेल्ट घेऊ नका प्लीज, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मुंबईत असाल तर हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत विचारा.