विश्वासात सुस्ती आली होती का? तुमचे अनुभव लिहा

भायखळ्याची अल्टो:
जय ख्रिस्त सगळ्यांना. चर्चला जाणं चालूय, वर्गणी वेळेवर जातेय, पण आत काहीच हलत नाही, असं ज्यांना ज्यांना झालंय त्यांनी इथे लिहा. उपदेश नको प्लीज, तो रविवारी मिळतोच. माझ्यापासून सुरुवात करते. लहानपणापासून क्वायरमध्ये, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली अर्धी गीतं पाठ, आणि गाताना डोक्यात काय तर घरी मटण शिजलं असेल का. 2020 मध्ये चर्च बंद झाली, क्वायर बंद, आणि मग लक्षात आलं की क्वायर सोडली तर मी प्रार्थना अशी करतच नव्हते. शेजारच्या मावशींना मोतीबिंदू, त्यांना वाचता येईना, म्हणून रोज सकाळी फोनवर एक स्तोत्र वाचून दाखवायला लागले, तेही खरं सांगायचं तर भिडेखातर. त्या मध्येच थांबवायच्या, "ते परत वाच गं, घाई नको". घाई न करता शास्त्र वाचायची सवय मला त्यांनी लावली.

विरार फास्ट:
आम्ही कॅथलिक, वसईचे. माहीमला सेंट मायकल चर्चला 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना (मागणं मागायची खास प्रार्थना) असतो, नोकरीसाठी मीपण न चुकता जायचो, दादरला उतरून गर्दीत धक्के खात. नोकरी लागली आणि बुधवार बंद 😀 मागणं संपलं तशी प्रार्थनापण संपली. पुढे आमच्या चर्चमधल्या विन्सेंट डी पॉलवाल्यांनी (गरजूंना मदत करणारी संस्था) घरभेटीला ओढून नेलं, सामान उचलायला माणूस पाहिजे होता एवढंच. तिथे एक आजोबा, अंथरुणाला खिळलेले, आम्ही तांदूळ-डाळ ठेवली तर म्हणाले बस जरा, तुझं नाव सांग, आणि माझ्यासाठीच प्रार्थना करायला लागले. मी देणारा म्हणून गेलो होतो ना. आता माहीमला जातो तेव्हा मागायची यादी नसते, म्हणजे असते, पण छोटी.

पाळकाचा मुलगा:
बायबलमध्ये प्रकटीकरण 3 मध्ये लावदिकीया गावच्या मंडळीला, ना गरम ना गार, "कोमट" म्हटलंय. ते आमच्या घरी शिवीसारखं वापरायचे, शब्बाथ शाळेला (मुलांचा बायबलचा वर्ग) उशीर झाला की कोमट! बायबल स्टडीला एका काकांनी लावदिकीयाचा नकाशा काढला तेव्हा जरा वेगळं कळलं. जवळच हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला गार पाणी, आणि लावदिकीयात पाणी लांबून नळाने यायचं. बरेच अभ्यासक म्हणतात वचनामागे हेच असावं, गरमही कामाचं, गारही कामाचं, कोमट मात्र कशाच्याच नाही. शिवाय गाव पैसेवालं, इ.स. 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता परत उभं राहिलेलं, म्हणजे त्याच अध्यायातलं "मला काही उणे नाही" हे त्यांना चिकटतंच. तेव्हापासून मी आज मन किती तापलंय हे बघणं सोडलं, आज कोणाच्या उपयोगी पडलो का एवढंच बघतो. सोसायटीची टाकी रिकामी असली की जास्त आठवतं हे सगळं.

नाइट ड्युटी:
थोडा विरोध करते हं. मी नर्स आहे, दोन लहान मुलं, रात्रपाळी करून आलं की बायबल उघडल्या उघडल्या झोप. याला सुस्ती म्हणू नका, थकवा आहे तो. आमच्याकडे कोणी रविवारी दिसलं नाही की लगेच "विश्वासात थंड झाली" असं बोलतात, डबा मात्र कोणी आणून देत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, आणि त्यांनी स्वतःच लिहिलंय की धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. त्यांना एवढा वेळ लागला तर मला लागू दे की.

भायखळ्याची अल्टो:
@नाइट ड्युटी बरोबर बोललीस गं. डब्याचं खरंच बोलतेय, कुठल्या साइडला राहतेस? मेसेज कर.

वाचनमात्र:
मी अजून तिथेच आहे, काही गेलं-बिलं नाही. पण वाचतोय सगळं. काकांचा तो नकाशा कोणी टाकेल का इथे?