रोजचा चाकू आणि स्वसंरक्षण
रोजच्या कामाला आणि स्वसंरक्षणाला एकच चाकू घ्यावा, आणि त्याचे पाते जितके लांब व पोलाद जितके कठीण तितके चांगले, हे मत मला पटत नाही. दोरी कापणे, खोकी उघडणे, फळ चिरणे यांसाठी 7 ते 8 सेंटिमीटरचे पाते पुरते. कठीणपणाचा मात्र नीट विचार करायला हवा, कारण पोलादाचा कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापावर 60 च्या पुढे गेलेले पाते धार दीर्घकाळ टिकवत असले, तरी आडवा ताण आला की त्याच्या धारेचे कपचे उडू शकतात आणि साध्या दगडावर त्याला धार लावणे जिकिरीचे होते. उलट 56 ते 58 दरम्यानचे पाते लवकर बोथटले, तरी थोड्या वेळात पुन्हा कामाला लागते. ओलाव्यात वापर असेल, तर स्टेनलेस पोलाद घ्यावे, पण तेही पुसून ठेवावे. घडीच्या चाकूत मी सर्वांत आधी उघडे पाते जागीच धरून ठेवणारा खटका पाहतो: उघडलेले पाते पाठीकडून हलके दाबल्यावर मिटू लागले, तर तो चाकू बोटांना धोकादायक आहे.

स्वसंरक्षणासाठी चाकू सुचवायला माझे मन धजत नाही. तो वापरायचा तर हल्लेखोराला हाताच्या अंतरावर येऊ द्यावे लागते, घाबरलेल्या हातांनी घडी उघडणे कठीण असते, आणि मूठ घसरून स्वतःचीच बोटे कापली जाऊ शकतात किंवा चाकू हिसकावला जाऊ शकतो. शिवाय त्या हेतूने बाळगलेला चाकू अनेक देशांच्या कायद्यात शस्त्र ठरतो. त्यापेक्षा मोठा आवाज करणारा अलार्म जवळ ठेवावा आणि संधी मिळताच तिथून निघून जावे.