मुंबई–न्यूयॉर्क: प्रवासाचे खरे तास कसे धरावेत? (वडिलांच्या इन्शुलिनसाठी मदत हवी आहे)

नमस्कार.

माझे वडील (वय ७४) सप्टेंबरअखेरीस मुंबईहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एकटेच जाणार असून नोव्हेंबरच्या मध्यात परतणार आहेत. ते रोज रात्री ९ वाजता इन्शुलिन घेतात. दोन मात्रांमध्ये नेमके किती तास जातील ते लिहून आणा, मग वेळा ठरवू, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तो कागद लिहायला बसल्यावर माझा गोंधळ सुरू झाला.

आम्ही पाहिलेले थेट विमान रात्री १:३० ला सुटून सकाळी ८ ला पोहोचते. "साडेसहा तास? नागपूरच्या गाडीला याहून जास्त लागतात," म्हणून वडील खूश झाले होते, परंतु दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असल्यामुळे त्यात साडेनऊ तास मिळवून हा प्रवास १६ तासांचा होतो. परतीचे विमान सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबईत उतरते. येथे भावाने साडेनऊ वजा करून साडेपंधरा तास काढले, तर अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात म्हणून मी साडेदहा वजा करून साडेचौदा काढले. माझे गणित बरोबर आहे ना?

अंतराचाही पडताळा घेतला. मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला (तो सारखा घसरत होता, म्हणून तिने मुंबईवर बोट दाबून धरले), तेव्हा तो अरबस्तान-दक्षिण युरोपवरून न जाता फिनलंड, आइसलँड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा गेला. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते, म्हणजे ताशी ९०० च्या वेगाने १४ तास. जाताना समोरून येणारे पश्चिमी वारे आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद असलेले पाकिस्तानचे आकाश यांमुळे वरचे दोन तास लागत असावेत, असा माझा अंदाज आहे.

वडिलांचा गुडघा दुखतो, म्हणून मध्ये थांबा असलेला मार्गही पाहिला. दुबईमार्गे अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढते, परंतु पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा तब्बल चौदा तासांचा असल्यामुळे त्या थांब्याने पायांना फारसा आराम मिळणार नाही. लंडनमार्गे साधारण दोनशे किलोमीटरच वाढतात आणि प्रवास दहा व आठ तासांत बराचसा सारखा विभागला जातो. मात्र हीथ्रोवर टर्मिनल बदलावे लागले तर एकट्या माणसाचे काय, ही धास्ती आहे.

थेट विमानाने गेल्यास भारतातील रात्रीचे ९ म्हणजे न्यूयॉर्कमधील सकाळचे ११:३०, अर्थात उतरल्यानंतर साडेतीन तास. इन्शुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू नये म्हणून ते हातातल्या पिशवीतच असेल. तेव्हा ज्यांनी वयस्कर आईवडिलांना व्हीलचेअरची सोय घेऊन केनेडीवर उतरवले आहे, त्यांनी कृपया सांगावे: सकाळी ८ ला उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान आटोपून बाहेर येण्यास प्रत्यक्षात किती वेळ लागला, आणि ११:३० ची मात्रा बहिणीच्या घरी घेता येईल असे धरावे, की ती रांगेतच घेण्याची तयारी ठेवावी?