छोट्या संशोधकाने पेटंट घेऊन काय कमावले?

पाणंद (धागाकर्ते):

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत शेतातल्या, कारखान्यातल्या आणि घरातल्या रोजच्या अडचणींवर तोडगा काढणाऱ्या सामान्य माणसांनी देशोदेशी हजारो पेटंटे घेतली. या पेटंटांकडे आपण सहसा कौतुकाने पाहतो. माझे मत वेगळे आहे आणि ते इथे चर्चेसाठी मांडतो. त्या काळचे पेटंट हे प्रत्यक्षात भांडवलवाल्याच्या हातातले हत्यार होते. ज्याने अडचण स्वतः भोगली आणि स्वतः सोडवली, त्याच्या पदरात फार थोडे पडले, आणि म्हणून ज्यांनी आपले शोध समजून-उमजून मोकळे ठेवले त्यांचाच मार्ग योग्य होता.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका मोठ्या दुकानात झाडलोटीच्या कामावर होते. त्यांना दमा होता आणि गालिचे झाडताना उडणारी धूळ त्यांना सोसत नसे. त्यांनी पंख्याची विजेवरची मोटर घेतली, ती झाडूच्या दांड्याला बसवली, खाली फिरता ब्रश लावला आणि मागे धूळ साठवायला चक्क उशीचा अभ्रा बांधला. त्यांना २ जून १९०८ रोजी पेटंट मिळाले. पण यंत्रे बनवून विकायला पैसा कुठून आणायचा? अखेर घोड्यांचा साज आणि चामड्याच्या वस्तू बनवणारे विल्यम हूवर यांनी ते हक्क विकत घेतले. आज इंग्लंडात घराची धूळ काढण्याच्या क्रियेलाच हूवर यांचे नाव चिकटले आहे. स्पँग्लर यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. शंकर आबाजी भिसे (जन्म मुंबई १८६७, मृत्यू न्यूयॉर्क १९३५) यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसएक पेटंटे सांगितली जातात, आणि त्यांत छपाईचे टाइप ओतण्याच्या यंत्रापासून स्वयंपाकघरातल्या उपकरणांपर्यंत सर्व काही होते. दादाभाई नवरोजींचा पाठिंबा मिळाला, इंग्लंडातले समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी भांडवल उभे करण्याचे आश्वासन दिले आणि ते पार पडले नाही, पुढे गोखल्यांच्या शब्दावरून जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांनी मदत केली. तरीही ज्या टाइपयंत्रासाठी भिसे यांनी आयुष्याची उमेद खर्ची घातली, त्याचा बाजारात त्यांना हवा तसा जम बसला नाही. पेटंटांचा कागद त्यांच्यापाशी भरपूर होता, कमी पडले ते भांडवल.

याच्या उलट अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी या शिक्षणसंस्थेतले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पाहा. भुईमूग आणि रताळी यांच्यापासून काय काय करता येते हे त्यांनी छोट्या पुस्तिकांमधून गरीब शेतकऱ्यांना फुकट सांगितले, आणि म्हणूनच ते ज्ञान दूरदूरच्या शेतांपर्यंत पोहोचले. आणि १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा अट घातली की संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, मात्र बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाच्या नावे करून द्यावेत. झोपडीत वापरायचे साधन एकाच्या मालकीचे असू नये, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो.

लेथवाला:

पाणंद, आपली तळमळ समजते, पण आपण दिलेली दोन उदाहरणे आपल्याच विरुद्ध साक्ष देतात.

कार्व्हर यांनी १९२५ ते १९२७ या काळात तीन पेटंटे घेतली होती, म्हणजे त्यांचा पेटंटाला तात्त्विक विरोध होता असे म्हणता येत नाही. शिवाय त्यांना संस्थेचा पगार होता. ज्याच्या चुलीची सोय दुसरीकडून झालेली आहे त्याने आपली विद्या वाटून टाकली तर त्याचा गौरव जरूर करावा, पण त्या मापाने हातावर पोट असणाऱ्या लोहार-सुताराला मोजू नये. आणि चरखा संघाने तर हक्कांची किंमत मोजायची तयारी दाखवली होती! एक लाख रुपये ही १९२९ सालची रक्कम आहे. संशोधकाचा हक्क आधी मान्य करून, त्याचे दाम देऊन, मग ती वस्तू सर्वांची करणे याला मी फुकट वाटणे म्हणणार नाही. किंबहुना पेटंटाचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

आता माझ्या कामातले एक उदाहरण देतो, कारण मी रोज लोखंडाशीच झटत असतो. कॅनडातल्या पीटर रॉबर्टसन यांचा चौकोनी खाचेचा स्क्रू आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. पेचकस दाखवण्याचे काम करताना नेहमीच्या उभ्या खाचेतून त्याचे पाते निसटले आणि त्यांचा हात कापला. त्यानंतर त्यांनी चौकोनी खाचेचा विचार केला आणि १९०९ साली पेटंट मिळवले. चौकोनी खाच इतरांनाही सुचली असेल. अडचण अशी की थंड लोखंडात ठोकून ती पाडायला गेले की स्क्रूचे डोके फुटते किंवा कमजोर होते. रॉबर्टसन यांनी पंचाच्या, म्हणजे खाच ठोकून पाडणाऱ्या हत्याराच्या, कडा किंचित तासल्या, बाजू निमुळत्या केल्या आणि टोक पिरॅमिडसारखे ठेवले. त्या ठरावीक कोनांमुळे धातू पंचापुढे रेटला जाण्याऐवजी बाजूंना सरकतो आणि डोके उलट भक्कम होते. हे सगळे, कोनांसकट, त्यांनी पेटंटात लिहून ठेवले आहे. ज्याने कधी थंड सळईवर पंच मारला आहे त्याला त्या मजकुरात एका माणसाची कितीतरी महिन्यांची मेहनत दिसते.

पेटंट नसते तर रॉबर्टसन यांनी हे कोन कुणाला सांगितले असते? त्यांनी ते आपल्या भट्टीच्या आड झाकून ठेवले असते, जसे आपल्याकडच्या कित्येक कारागिरांनी आपले पोलादाला पाणी देण्याचे, ओतकामाचे आणि सांध्यांचे कसब झाकून ठेवले आणि ते त्यांच्याबरोबर चितेवर गेले. या शेवटच्या गोष्टीचे मला फार वाईट वाटते, म्हणून थोडे जोराने लिहिले.

काळी माती:

दोघांचेही मुद्दे वाचले. शेतीच्या अवजारांपुरते बोलायचे तर पेटंट घ्यावे की घेऊ नये या प्रश्नाने फारसा फरक पडत नाही असे मला वाटते, कारण अवजार चालते की नाही हे माती ठरवते.

रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली इंग्लंडात स्वतःच धार धरणाऱ्या बिडाच्या फाळाचे पेटंट घेतले होते. ओतताना फाळाचा खालचा भाग थंड लोखंडावर येऊ द्यायचा, त्यामुळे तो झटकन निवून कडक होतो आणि वरचा भाग मऊ राहतो. नांगरताना वरचा मऊ भाग आधी झिजतो आणि खालची कडक धार आपोआप उघडी पडत राहते. चौदा वर्षांची मुदत संपताच हा शोध सर्वांचा झाला. म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली परदेशी नांगर समोर ठेवून आपला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा या मूळ कल्पनेवरचा हक्क संपून ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. पेटंटाने तिथे कुणाला अडवले नाही आणि कुणाला तारलेही नाही.

लक्ष्मणरावांची खरी अडचण निराळीच होती. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज असलेल्या शेतकऱ्याच्या हाती तो नांगर द्यायचा होता, आणि पहिले थोडे नांगर खपायलाच दोन वर्षे लागली असे सांगतात. लाकडी नांगराची रुमणी, इसाड किंवा जू मोडले तर गावचा सुतार दुसऱ्या दिवशी नवे करून देतो, पण बिडाचा भाग मोडला तर शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर काय करायचे? सुटा फाळ वेळेवर मिळण्याची खात्री, आपल्या बैलांच्या ताकदीला पेलेल असे वजन आणि काळ्या रानात न फसणारी मांडणी, या गोष्टींनी नांगर गावोगाव गेला. यातली एकही गोष्ट पेटंटाच्या कागदात मावत नाही.

उंबरठा:

काळी माती यांचे म्हणणे शेताला लागू असेल, पण घरातल्या वस्तूंना ते लागू पडत नाही असे माझे मत आहे, आणि मी लेथवाला यांच्या बाजूने, पण एका मोठ्या दुरुस्तीसह बोलणार आहे.

मेलिटा बेन्ट्झ या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या गृहिणी. कॉफीत उतरणारा गाळ आणि कडवटपणा त्यांना नकोसा झाला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद गोल कापून तळाशी ठेवला आणि त्यावरून कॉफी ओतली. हे १९०८ साली घडले, म्हणजे स्पँग्लर यांचे पेटंट ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी. पण बेन्ट्झ यांचा शोध त्यांच्या घराण्याकडेच राहिला. डिसेंबर १९०८ मध्ये त्यांनी अवघ्या ७३ फेनिग (एका मार्कचे शंभर फेनिग) भांडवलावर धंदा नोंदवला आणि पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत हजाराहून अधिक गाळण्या विकल्या.

फरक कुठे पडला? एक तर भोके पाडलेले भांडे आणि कागद घरच्या घरी करता येतात. विजेच्या मोटरीला कारखाना लागतो. आणि दुसरे, जर्मनीत १८९१ पासून पूर्ण पेटंटाच्या खालची एक पायरी होती. छोट्या उपयुक्त वस्तूची साधी नोंदणी करायची, तीन वर्षांचे संरक्षण मिळवायचे आणि हवे तर आणखी तीन वर्षे वाढवायचे. बेन्ट्झ यांनी आपल्या गाळणीसाठी हीच नोंदणी घेतली. आपल्याकडे १९११ चा कायदा आला तो पेटंट आणि डिझाइन यांचा. पेटंटाची मुदत आधी चौदा आणि १९३० नंतर सोळा वर्षे झाली, पण ही मधली पायरी तेव्हा नव्हती आणि आजही नाही. सांडशी, पाटा, खवणी, चूल यांत सुधारणा करणाऱ्या बाईला पूर्ण पेटंटाचा खटाटोप परवडत नाही, आणि त्याहून छोटे असे काही तिच्यासाठी ठेवलेलेच नाही.

पाणंद:

उंबरठा यांचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो माझ्या मूळ लेखातून निसटला होता हेही मान्य करतो. स्पँग्लर यांच्या बाबतीत न्याय करायचा तर हेही सांगायला हवे की हक्क विकल्यानंतर त्यांना यंत्रांवर रॉयल्टी मिळत होती. जानेवारी १९१५ मध्ये, आयुष्यातल्या पहिल्याच सुट्टीवर निघण्याच्या आदल्या रात्री ते वारले, ही गोष्ट मात्र मनातून जात नाही.

परंतु लेथवाला यांना मला विचारायचे आहे. रॉबर्टसन यांचे स्क्रू फोर्डने आपल्या मॉडेल टी मोटारीत वापरले, फोर्डला ते आपल्या अटींवर हवे होते, आणि आधी इंग्लंडात परवाना देऊन पोळलेल्या रॉबर्टसन यांनी नकार दिला. परिणामी अमेरिकेचा बाजार पुढे फिलिप्सच्या अधिक-चिन्हाच्या खाचेने घेतला, आणि सरस असूनही चौकोनी खाच बरीच वर्षे कॅनडापुरती राहिली. शोधाला कुंपण घातल्याची ही किंमत आपण मोजता का?

लेथवाला:

मोजतो, आणि ती कमी नाही. तरीही रॉबर्टसन यांनी मिल्टन गावात स्वतःचा कारखाना चालवला आणि तो त्यांचाच राहिला, हे मला त्या बाजारापेक्षा मोठे वाटते. याला माझ्या आयुष्यातले एक कारण आहे. बारा वर्षांपूर्वी मी पेरणीच्या पाभरीच्या फणांना पुढे-मागे सरकवणारी एक साधी पकड बनवली, जिच्यामुळे पाना न लावता दोन ओळींतले अंतर बदलता येते. एका उत्पादकाने नमुना म्हणून ती नेली आणि पुढच्या हंगामात ती त्यांच्या रंगात बाजारात आली. माझ्यापाशी दाखवायला काही नव्हते. वहीतले पेन्सिलीचे चित्र होते, त्यावर तारीखही घातलेली नव्हती.

काळी माती:

ती पकड मी वापरतो, दादा. कुणी काढली हे मला आज कळले. मोठ्या बोल्टाखालचा वॉशर दोन हंगामांत झिजतो, तिथे जाड पत्रा घातला तर बरे होईल.

लेथवाला:

घालतो. आणि या वेळी चित्रावर तारीख घालून सहीनिशी दोन साक्षीदार घेतो.