जर्मनचे तक्ते पाठ, पण बोलताना वाक्यच सुरू होत नाही

प्रश्न: ए२ची (जर्मनच्या प्राथमिक पातळीतल्या दुसऱ्या पायरीची) परीक्षा जवळ आली आहे. विभक्तींचे तक्ते पाठ आहेत, छोटे लेख वाचून समजतात. पण कुणी साधं काही विचारलं की मी गप्प. "प्रत्यक्ष कामं करत शिक" असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करू? एकटीने जमेल का?

उत्तर (जर्मन शिकवतो): "डाटिव (जर्मनमधली एक विभक्ती) वापरून दहा वाक्यं लिहा" हे काम नव्हे, तो सराव. कामाच्या शेवटी भाषेबाहेरचं काहीतरी हाती लागतं: भेटीची वेळ ठरते, गाडी निवडली जाते. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी बंगळूर प्रकल्पात (१९७९-८४) शाळेतल्या मुलांना इंग्रजी असंच शिकवलं. नकाशा किंवा वेळापत्रक समोर ठेवून कोडं सोडवायचं, व्याकरणाचा वेगळा तास नाही.

तुम्ही डॉक्टरांची ठरलेली वेळ फोनवर बदलून घ्या. पलीकडे मैत्रीण. मोकळ्या वेळांची यादी तिच्याकडे, तुमच्या आठवड्याची तुमच्याकडे, आणि एकमेकींची यादी बघायची नाही. ही अट कृपा करून मोडू नका! माहिती दोघींत वाटलेली असेल तरच विचारायची गरज पडते, नाहीतर ती नाटकाची तालीम होते. बोलणं रेकॉर्ड करून ऐका. माझे बहुतेक विद्यार्थी तारखेपाशी अडतात: 'आम ड्रिटन' (तीन तारखेला), 'आम फ्युन्फ्टन' (पाच तारखेला). हाच तुमच्या तक्त्यातला डाटिव. तक्ता तेव्हा उघडा, आणि दोन दिवसांनी याद्या बदलून तेच काम पुन्हा करा.

दुसरा विद्यार्थी: पण सर, मोडकंतोडकं बोलूनही वेळ ठरतेच की. मग चुका पक्क्या होणार नाहीत का?

जर्मन शिकवतो: रास्त शंका आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ जेन विलिस यांच्या, कामं करत शिकण्याच्या १९९६च्या आराखड्यात काम झालं की त्याचा वृत्तांत सगळ्यांना सांगायचा असतो आणि भाषेची तपासणी त्यानंतर येते. चारचौघांसमोर मांडायचं म्हटलं की माणूस वाक्य घासूनपुसून घेतो. म्हणून फोन झाल्यावर ठरलेली वेळ कळवणारा तीन ओळींचा ईमेल लिहा. तिथे मोडकंतोडकं चालत नाही.

प्रश्नकर्ती: माझ्या ओळखीत जर्मन शिकणारं कुणीच नाही.

जर्मन शिकवतो: मग जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर, जर्मनमध्येच, हाम्बुर्गहून म्युनिकला जाणारी गाडी शोधा. संध्याकाळी सहाच्या आत पोहोचायचं, गाडी एकदाच बदलायची. मग हीच गाडी का निवडली ते फोनवर रेकॉर्ड करा. कारण सांगताना 'वाइल' ('कारण') लागेल आणि क्रियापद शेवटी जाईल. मराठीत ते तिथेच असतं, त्यामुळे घाबरू नका.