गॅरेजमधली कॅसेट सापडली, नागपूरचे जुने बँडवाले पोट्टे आहेत का कोणी इथं?

बेसवाला_लक्ष्मीनगर:
राजेहो, आमचं लक्ष्मीनगरातलं घर बिल्डरला देऊन राहिलो, पंधरा दिवसांपासून आवराआवर सुरू आहे. काल गॅरेजच्या फळीवर खिळ्यांच्या डब्यात एक कॅसेट सापडली, ९० मिनिटांची, वर स्केचपेननं 'मे २००३ प्रॅक्टिस' एवढंच. बँडचं नाव नाही, कारण ते दर महिन्याला बदलायचं आणि त्यावरून गाण्यापेक्षा जास्त भांडणं व्हायची.
बाबांची स्कूटर बाहेर काढायची, शटर अर्धं खाली, भिंतींना किराणावाल्याकडून मागून आणलेले अंड्याचे ट्रे, बाहेर ४५ डिग्री. कूलर लावला की अ‍ॅम्पमधून झूंऽऽ, बंद केला तर ड्रमवाला भोवळ येऊन पडायचा, म्हणून ठरलं होतं की गाणं चालू तेवढा वेळ कूलर बंद, मग पाच मिनिटं सगळे त्याच्यासमोर शर्ट वर करून उभे. नागपूरच्या त्या काळच्या रॉक सीनचं कोणाला काय आठवतं? आणि ही कॅसेट सरळ डेकमध्ये टाकू का, फीत तुटली तर जीव जाईल बे.

तर्रीपोहे:
हाव ना भाऊ, आमच्याकडेही अंड्याचे ट्रे! नंतर कळलं की त्यानं आवाज बाहेर जायचा अजिबात थांबत नाही, खोलीतला घुमारा थोडा कमी होतो बस. आवाज अडवायला जाड भिंत, बंद फटी असं वजनदार काहीतरी लागतं, आणि आपण तर शटर अर्धं उघडं ठेवून बसायचो, भैताडासारखे. शेजारच्या काकूंनी एकदा मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते ती) सकाळीच गच्चीवरून ओरडून सांगितलं, "ईडा पीडा रोगराई आणि हे गिटारवाले, घेऊन जा गे मारबत!" अख्खी गल्ली हसली. संध्याकाळी त्याच काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या.
आमचा ड्रमसेट ऑर्केस्ट्रावाल्याकडून भाड्यानं यायचा, त्यामुळे लग्नसराईत बँड बंद.

धंतोलीची_कीबोर्डवाली:
सीन सीन काय करून राहिले रे सगळे, वीस-पंचवीस पोट्टे होते, तेच स्टेजवर आणि तेच खाली टाळ्या वाजवायला. मी दोन बँडमध्ये वाजवलं आणि दोन्हीकडे मला 'गाणार का' हेच विचारलं, मुलगी म्हणजे गायलाच आली असणार. घरी साडेसातची वेळ, त्यामुळे कार्यक्रमात आमचा नंबर उशिरा लागला की माझ्याशिवायच वाजवायचे, आणि फरक कोणाला कळायचा नाही ते वेगळं. व्हीआरसीईच्या (इंजिनिअरिंग कॉलेज, २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, पण तोंडात तेच बसलंय) पोट्ट्यांकडे गाण्यांच्या टॅबच्या (गिटारवर कुठं बोट ठेवायचं ते लिहिलेल्या कागदांच्या) झेरॉक्स मिळायच्या, त्यातले अर्धे कॉर्ड चुकीचे, पण सगळं नागपूर तेच चुकीचे वाजवायचं म्हणून ऐकायला बरोबर वाटायचे.
अलाहाबादहून १९९३ पासून रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉक संगीताचं मासिक निघायचं, एकाकडे अंक आला की दहा घरं फिरून यायचा, परत येईपर्यंत पोस्टरचं पान गायब. माझ्याकडे आहे एक पान, देणार नाही.

सदरचे_काका:
पोरांनो, तुमच्याकडे गॅरेज तरी होतं. गॅरेज असायला आधी गाडी लागते, आमच्याकडे सायकल होती. आम्ही ७० च्या सुमारास एका मित्राच्या व्हरांड्यात वाजवायचो, रेडिओ सिलोनवर गाणं लागलं की एकानं शब्द लिहायचे, एकानं चाल धरायची, आणि गाणं परत कधी लागेल त्याचा भरवसा नाही. तेव्हा सिगारेट कंपनीची सिमला बीट नावाची देशभरातल्या बँडची स्पर्धा असायची, १९७० आणि १९७१ च्या बँडांच्या रेकॉर्डही निघाल्या. आम्हीही अर्ज आणला होता. त्यात बँडचं नाव लिहायची जागा होती, तिथंच अडलं, तेव्हा तुमचं भांडण जुनंच आहे.

फीत_आणि_पेन्सिल:
बेसवाला भाऊ, सरळ टाकू नका. आधी पेन्सिल घालून हातानं हळू फिरवून बघा, मोकळी फिरते का. मग डेकचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर. ९० वाल्याची फीत ६० वाल्यापेक्षा पातळ असते, लवकर गुंतते, म्हणून चांगला डेक मागून आणा, भंगारातला वॉकमन नको. लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, पहिल्याच वेळेला रेकॉर्ड सुरू ठेवून चालवा, दुसरी वेळ मिळेलच असं नाही. आवाज बसका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून पाहा, खणखणीत झाला की थांबा. आणि ती झूं काढायच्या मागे फार लागू नका, सोबत बेसही जाईल.

बेसवाला_लक्ष्मीनगर:
भाऊ, ऐकली एक बाजू! भाच्याच्या मित्राकडून डेक आणला. गाणी भयानक आहेत, मी सगळीकडे अर्धा ठोका मागे, आणि मला इतकी वर्षं वाटायचं ड्रमवाला पळतो.
पण ऐका. तिसऱ्या गाण्यात लाइट गेली. अ‍ॅम्प बंद, गिटार-बेस गप, पण टेप सेलवर होता त्यामुळे तो चालूच. ड्रमवाला एकटाच वाजवत राहिला, बहुतेक त्याला कळलंच नाही, मग त्यानं शेवटी झांज मारली आणि विचारलं, "कसं झालं?" पुढची वीस मिनिटं नुसत्या गप्पा. समोसे कोण आणणार, मागचे सोळा रुपये कोणाकडे निघतात, कोणीतरी कॉपीनं वारा घालतंय त्याचा फडफड आवाज. मी म्हणतोय की बारावीत कमी पडले तर बँडच करू. घरच्यांना ऐकवलं तर बायकोनं तेवढाच तुकडा तीनदा लावला.
दुसरी बाजू लावली तर आवाज एकदम दबलेला, खरखर. उघडून बघितलं तर फितीमागची ती छोटी मऊ पट्टी गळून पडलीय.

फीत_आणि_पेन्सिल:
ती पट्टी फीत हेडला दाबून धरते, तिच्याशिवाय असाच आवाज येणार. फेविक्विक लावू नका, फितीला लागलं तर संपलं. स्क्रूवाली एखादी जुनी कॅसेट शोधा, तुमच्या फितीच्या दोन्ही चकत्या त्या डबीत घालू. मी त्रिमूर्तीनगरात राहतो, रविवारी सकाळी येतो. बारीक स्टारचा पेचकस आहे माझ्याकडे, पोहे तुमच्याकडे.

तर्रीपोहे:
मीही येऊन राहिलो. सोळा रुपयांचं काय झालं?